संगणकवाल्यांची इर्जिक

जून महिना लागला की शाळेच्या कार्यालयात पालकांची ये-जा सुरू होते. त्यांपैकी काहीजण पाल्याचे नाव घालण्यासाठी येतात, तर काहीजण नाव काढून घेण्यासाठी. दुसऱ्या प्रकारच्या पालकांशी बोलण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आले आहे, आणि ते सुखाचे नाही. हे पालक भांडत नाहीत, तक्रारही करीत नाहीत. उलट तेच ओशाळलेले असतात. एक गृहस्थ, जे स्वतः याच शाळेचे विद्यार्थी, मला म्हणाले, “सर, शाळेबद्दल काही म्हणणं नाही हो. पण पोराला पुढं कॉम्प्युटरच्या लाइनीला लावायचंय. तिथं मराठीचं काय काम?” मी त्यांना ठेवणीतले उत्तर दिले: मातृभाषेतून घेतलेले शिक्षण मनात अधिक खोल रुजते, इत्यादी. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्यांनी विचारले होते संगणकाविषयी आणि मी बोललो होतो मानसशास्त्राविषयी. दाखल्यावर सही झाली, गृहस्थ नमस्कार करून निघून गेले.

त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा मला पुढे, अगदी अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांच्या एका परिषदेत सापडला. ती परिषद कशी चालते, तिच्यात उणे काय आहे, आणि तरीही आपल्या शाळेने तेथे का गेले पाहिजे, याविषयी माझे मत विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

संगणकाचा व्यवसाय म्हटला की हैदराबादकराच्या डोळ्यांपुढे शहराची पश्चिम बाजू उभी राहते. नोव्हेंबर १९९८ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले, आणि माधापूर-गच्चीबावलीच्या खडकाळ माळावर पाहता पाहता काचेचे नगर वसले. आपली अंबरपेठ पूर्वेकडची. दक्षिणेला मुसी, उत्तरेला उस्मानिया विद्यापीठ, पश्चिमेला काचीगुडा, आणि मध्ये आपली जुनी, दाटीची, नानाभाषी वस्ती. आपल्यातील पुष्कळ घरांतील तरुण मंडळी रोज सकाळी त्या काचेच्या नगरात जातात व रात्री परत येतात. तथापि ते नगर आपल्या नोकरीचे आहे, आपले नव्हे, अशी एक भावना आपल्या मनात घर करून बसलेली आहे. तेथील विद्या म्हणजे काहीतरी विकत घ्यावयाची वस्तू, असे आपण धरून चालतो. याला कारणही आहे. मेट्रोने अमीरपेठेला उतरून पाहावे. इमारतींच्या मजल्यामजल्यांवर संगणकाचे वर्ग, खांबाखांबांवर त्यांच्या जाहिराती, आणि आंध्र-तेलंगणाच्या गावोगावांहून आलेली, वर्गाच्या दारात वह्या घेऊन उभी असलेली मुले. तेथे शिकून पुष्कळांचे संसार उभे राहिले. त्या वर्गांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु तेथे विद्येचा व्यवहार दुकानाचा आहे: पैसे मोजा, शिका, निघा.

याच्या अगदी उलट रीतीचा व्यवहार मी २०२३ साली पाहिला. त्या वर्षी २९ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळात ‘पायकॉन इंडिया’ ही परिषद कुकटपल्ली येथील जवाहरलाल नेहरू तंत्रविद्यापीठात भरली होती. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आग्रह केला म्हणून मी गेलो. स्वतःहून गेलो नसतो, हे कबूल करतो.

पायथन ही संगणकाला आज्ञा देण्याची एक भाषा आहे. नेदरलँड्सचे गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत तिचा आरंभ केला आणि १९९१ साली ती लोकांपुढे ठेवली. तिच्या नावाचा अजगराशी संबंध नाही. ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून ते घेतलेले आहे. ही भाषा कोणीही विनामूल्य वापरावी, तिच्या पोटातील रचना उघडून पाहावी, चूक आढळल्यास दुरुस्ती सुचवावी, अशी मोकळीक पहिल्यापासून आहे. १९९४ साली अमेरिकेत ती वापरणाऱ्यांची पहिली बैठक झाली तेव्हा सुमारे २० माणसे जमली होती. ‘पायकॉन’ या नावाने पहिली परिषद २००३ साली वॉशिंग्टन येथे भरली. भारतात ती २००९ साली बंगळूरला सुरू झाली, २०११ साली पुण्यात भरली, आणि हैदराबादला तिचा मान दोनदा मिळाला: २०१८ मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये.

आता या परिषदेचे वैशिष्ट्य ऐका. ती कोणतीही कंपनी भरवीत नाही, सरकारही भरवीत नाही. भाषा वापरणाऱ्यांनीच ‘पायथन सॉफ्टवेअर सोसायटी ऑफ इंडिया’ नावाची एक संस्था काढली आहे, आणि ज्या शहरी परिषद असेल तेथील स्वयंसेवक ती पार पाडतात. सभागृह ठरविणे, भाषणे निवडणे, भोजनाची व्यवस्था, पाहुण्यांची उतरण्याची सोय, दारावर बिल्ले वाटणे, ही सारी कामे आपापल्या नोकऱ्या सांभाळून, वेतनावाचून केली जातात. बिल्ल्यांच्या टेबलाशी जो तरुण घामाघूम होऊन नावे शोधीत होता, तो एरवी कोठेतरी चांगल्या पगारावर काम करणारा असावा, हे त्याच्या बोलण्यावरून कळत होते. परंतु त्या दिवशी लग्नघरच्या मुलासारखी त्याची धावपळ चालली होती. भाषण कोणी करावे याविषयी तर असा नियम आहे की, कोणीही आपला विषय लिहून पाठवावा. पदवी विचारीत नाहीत, हुद्दा विचारीत नाहीत. आलेल्या विषयांतून स्वयंसेवकच निवड करतात. विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत असते, आणि ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी साहाय्याची योजना असते. अमेरिकेतील मूळ परिषदेत तर सर्वांनी पैसे भरावे, वक्त्यांनी आणि खुद्द अध्यक्षांनीही भरावे, असा प्रघात पडला होता. आपल्याकडील सभासंमेलनांत मानधनाच्या आणि पहिल्या रांगेतील खुर्च्यांच्या ज्या कथा ऐकू येतात, त्यांच्या पार्श्वभूमीवर मला हा प्रघात फार मोलाचा वाटला.

सगळ्यांत आवडले ते पाच मिनिटांचे भाषण. त्यासाठी आधी निवड नाही. त्या दिवशीच नाव द्यावयाचे, क्रम आला की उभे राहावयाचे, आणि पाच मिनिटे संपली की थांबावयाचे, मग बोलणारा कितीही मोठा असो. कोणी स्वतःची फजिती सांगतो, कोणी केलेली लहानशी युक्ती दाखवितो, कोणी मदत मागतो. परिषदेच्या शेवटी काही मंडळी घरी न जाता एकत्र बसतात आणि सर्वांच्या मालकीच्या एखाद्या आज्ञावलीतील चुका शोधून दुरुस्त करतात. नवख्याच्या शेजारी जाणता बसतो.

हे पाहताना मला आमच्या वडिलांच्या तोंडचा एक शब्द आठवला: इर्जिक. मराठवाड्यातून हैदराबादेस येऊन स्थायिक झालेल्या घरांतील वडीलधाऱ्यांना तो ठाऊक असेल; मुलांना कदाचित नसेल. एखाद्या शेतकऱ्याची नांगरट किंवा पेरणी मागे पडली, घरात माणूस आजारी आहे किंवा बैल नाहीत, तर शेजारी आपापली औते घेऊन एका दिवसात त्याचे शेत उरकून देत. मजुरी घेत नसत. त्या घरचे जेवण मात्र जेवत. आज याच्या शेतावर, पुढे कधी त्याच्या. कुकटपल्लीच्या त्या सभागृहात बैल नव्हते एवढेच. व्यवहार तोच होता.

परंतु इर्जिकीची आठवण काढली की तिचा दुसरा नियमही आठवावा लागतो. जो आपले शेत नांगरून घेतो त्याने दुसऱ्याच्या शेतावर जावयाचे असते. नुसते जेवू घालून तो मोकळा होत नाही. येथे मला या परिषदांविषयी पहिली शंका आहे. अशा सामाईक श्रमातून तयार झालेली साधने जगातील मोठमोठ्या कंपन्या विनामूल्य वापरतात व त्यांवर अपार धन मिळवितात. परिषदेला त्या देणगी देतात, मांडव सजवितात, सदरे वाटतात आणि नोकरीसाठी हुशार मुले हेरून नेतात. म्हणजे जेवण घालतात. नांगर धरावयास कितीजण येतात? २०१४ साली ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला. जगातील असंख्य संकेतस्थळांची गुप्तता ज्या ओपन-एसएसएल नावाच्या सामाईक साधनावर विसंबून होती, त्यातच तो होता. आणि त्या साधनाची पूर्ण वेळ देखभाल करणारा मनुष्य तेव्हा अवघा एक होता, असे निष्पन्न झाले. त्यानंतर मदतीचे हात पुढे आले हे खरे. पण घर पेटल्यावर. तेव्हा या परिषदांतील निःस्वार्थ बुद्धीचे कौतुक करताना आपण भाबडे होऊ नये. जो विद्यार्थी उद्या तेथे जाईल त्याने हेही पाहावे की, आपल्या श्रमाचे पीक कोणाच्या खळ्यात जाऊन पडते.

दुसरी शंका याहून जवळची आहे, आणि या लेखाचे खरे निमित्त तीच होय. दार उघडे आहे, पाटी लावलेली आहे, ‘कोणीही यावे’. मग आपली मुले तेथे का दिसत नाहीत? त्या दिवशी मी मागच्या रांगेत बसून होतो. मी ऐकलेली सर्व भाषणे इंग्रजीत झाली. चहाच्या वेळी मात्र तेलुगू, हिंदी, तमीळ आणि आपली दखनी मुक्तपणे चालली होती; दोन ठिकाणी मराठीही कानांवर पडली. म्हणजे जी भाषा चहाला चालते ती व्यासपीठावर चालत नव्हती. कोणी बंदी घातली होती काय? मुळीच नाही. कोणाच्या मनातच आले नव्हते.

सभा भरविणाऱ्यांच्या मनात जे येत नाही, त्याचा इतिहास मराठी माणसाला नवा नाही. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आजच्या साहित्य संमेलनाची ती गंगोत्री. १८८५ साली दुसरी सभा भरली तेव्हा महात्मा फुले यांनाही निमंत्रण गेले होते. त्यांनी ते नाकारले आणि पत्र लिहून कारणे स्पष्ट कळविली. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला स्थान नाही, ती सर्वांची कशी म्हणावी, असा त्यांचा रोख होता. निमंत्रण देणारे दुष्ट नव्हते. रानडे यांच्यासारखा उदार पुरुष त्यांत होता. तरीही प्रश्न उरलाच. ‘सर्वांसाठी खुले’ असे म्हटल्याने सभा सर्वांची होत नाही. दारापर्यंतची वाट कोणाच्या पायांखालची आहे, हेही पाहावे लागते.

हे साध्य होते याचा पुरावा याच मंडळींनी दिलेला आहे, म्हणून मी आशावादी आहे. अमेरिकेतील पायकॉनमध्ये २०११ साली स्त्रियांनी केलेली भाषणे होती अवघी १ टक्का. जेसिका मॅकेलर नावाच्या बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम अंगावर घेतले. नुसते ‘स्त्रियांनीही विषय पाठवावेत’ असे जाहीर करून त्या थांबल्या नाहीत. एकेकीला गाठून, पत्रे पाठवून, विषय कसा लिहावा याचे साहाय्य करून त्यांनी बोलावून आणले. २०१२ साली ७ टक्के, २०१३ साली १५ टक्के, आणि २०१४ साली ३३ टक्के. नियम तेच होते, दार तेच होते. बदल एवढाच की घरी जाऊन अक्षत दिली गेली. जे स्त्रियांच्या बाबतीत तीन वर्षांत घडले, ते भाषेच्या बाबतीत घडणार नाही असे मानण्यास मला कारण दिसत नाही.

येथे कोणी म्हणेल, “संगणकाची भाषाच इंग्रजी, तेथे मराठीचा हट्ट कशाला?” हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. पण तो अर्धवट माहितीवर उभा आहे. पायथनमध्ये राखीव इंग्रजी शब्द आहेत सुमारे ३५. इफ, एल्स, फॉर, व्हाइल अशा शब्दांची ती यादी आहे, आणि आपल्या आठवीच्या मुलाला ती आठवड्यात पाठ होईल. बाकीची नावे लिहिणाऱ्याने आपल्या मनाने द्यावयाची असतात, आणि २००८ साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती नावे देवनागरीत लिहिता येतात. ‘गुण’, ‘बेरीज’, ‘सरासरी’ अशी नावे दिली तर संगणक कुरकुर करीत नाही. ‘१२’ असे देवनागरी आकडे अक्षरांच्या रूपाने दिले आणि त्यांचा पूर्णांक कर म्हटले, तर तो बरोबर बारा समजतो. फ्रेंच, जपानी, कोरियन लोकांनी तर या भाषेची अधिकृत माहितीपुस्तके स्वयंसेवेने आपापल्या भाषेत आणली आहेत. इंग्रजी शिकू नये असे मी म्हणत नाही. उत्तम शिकावे, नाही तर पुढचे वाचन खुंटेल. परंतु इंग्रजी येईपर्यंत विचारच करू नये, असे जे आपण मुलांच्या मनावर बिंबविले आहे, ते अन्यायाचे आहे.

ज्यांना ही कल्पना स्वप्नाळू वाटते त्यांनी आपल्या उत्तरेच्या बाजूस नजर टाकावी. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे. त्यासाठी आदल्या वर्षीच भाषांतर विभाग काढण्यात आला. गणित, पदार्थविज्ञान, वैद्यक, इतके सारे विषय उर्दूतून शिकविण्यात आले. उच्च विद्या देशी भाषेतून देता येते हे आपल्या शेजारीच सिद्ध झाले. अर्थात त्या प्रयोगाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कानडी बोलणारी, आणि तिच्यासाठी ती उर्दूही शाळेत शिकावी लागणारीच भाषा. पुढे १९४८ नंतर तेथे इंग्रजी आली. एका भाषेचे सिंहासन काढून दुसरीचे मांडल्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे अंबरपेठेत राहणाऱ्यास पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. म्हणूनच माझे मागणे सिंहासनाचे नाही. एका खोलीचे आहे.

आता त्या धाग्याकडे वळतो. परिषदेहून परत आल्यावर मी शाळेच्या संगणक-कक्षात पायथनचा एक लहानसा वर्ग सुरू केला. मुलांच्या बरोबरीने मीही शिकू लागलो. एके दिवशी नववीतील एका विद्यार्थिनीला वर्गाच्या हजेरीपटातील आडनावे वर्णानुक्रमाने लावणारी आज्ञावली लिहावयास सांगितली. काम चार ओळींचे. तिने ते केले आणि कागद घेऊन माझ्याकडे आली.

“सर, हे चुकलंय. काणे, काळे, कावळे, काशीकर असं आलंय. काळे आधी कसा?”

“तुझ्या लिहिण्यात काही राहिलं असेल, बघ.”

“नाही सर. चारदा पाहिलं. यंत्राला ळ कुठं येतो तेच ठाऊक नाही.”

तिचे बरोबर होते. मी वर्णमाला मनात म्हणून पाहिली. य, र, ल, व, श, ष, स, ह, आणि मग ळ. आपल्या कोशांतही हाच क्रम. म्हणून यादी काणे, कावळे, काशीकर, काळे अशी हवी. संगणकात प्रत्येक अक्षराला युनिकोड या जागतिक योजनेने एक क्रमांक दिलेला आहे, आणि त्या योजनेत ळ बसविला आहे ल च्या पाठोपाठ, व च्या आधी. साध्या आज्ञेने यादी लावली तर यंत्र त्या क्रमांकांप्रमाणे लावते. त्याला मराठी हजेरीपट ठाऊक नाही. भाषांचे क्रम शिकविणारी वेगळी साधने लोकांनी केलेली आहेत, हे पुढे शोधल्यावर समजले. पण ती शोधण्याची बुद्धी कोणाला होईल? ज्याला चूक दिसेल त्याला. आणि ही चूक दिसण्यासाठी इंग्रजी उपयोगी नाही, मोठ्या पगाराची नोकरी उपयोगी नाही. ज्याने पहिलीत ओरडून वर्णमाला म्हटली आहे त्याच्याच ती डोळ्यांत सलते.

मग त्या मुलीला नादच लागला. ‘क्षमा’ या शब्दात अक्षरे किती, असे तिने यंत्राला विचारले. यंत्र म्हणाले, पाच. आपण दोन म्हणू. क, हलन्ताचे चिन्ह, ष, म आणि काना, असे तुकडे यंत्र मोजते. ‘मराठी’ हा शब्द उलटा करावयास सांगितला तर वेलांटी व काना आपापली अक्षरे सोडून भलत्यांच्या गळ्यात पडतात. हे सारे दोष असे नाहीत की जगातील पंडितांना ते माहीतच नाहीत. पण नोकरीच्या अर्जाचा तक्ता, रेशनच्या याद्या, रुग्णालयातील नावांची नोंद, अशा रोजच्या आज्ञावल्या लिहिणारे जे हजारो लोक आहेत, त्यांना ते ठाऊक असतात काय? तसे असते तर आपली नावे सरकारी कागदांवर इतकी वेडीवाकडी उमटली ना. माझ्या स्वतःच्या नावातील जोडाक्षर एका कचेरीच्या पावतीवर पाय मोडून पडलेले मी गेली तीन वर्षे पाहात आहे. अर्ज करून थकलो.

दाखला नेणाऱ्या त्या पालकांना मी आज हा हजेरीपट दाखविला असता. संगणकाच्या व्यवसायात मराठीचे काम काय, तर हे. ज्या यंत्रांवर आता सगळा कारभार चालतो, त्यांना आपली वर्णमाला, आपली नावे, आपले शब्द नीट समजावून देण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही. ते आपल्याच मुलांचे आहे. आणि ही मुले मराठी शाळेतून उठून गेली तर उद्या ळ कोठे येतो हे सांगणाराच उरणार नाही.

अशा परिषदा भरविणाऱ्यांपाशी माझे दोन विषय आहेत. पहिला, पुढे जेव्हा या शहरात परिषद भरेल तेव्हा एका लहान खोलीत का होईना, पण तेलुगू, उर्दू, मराठी, हिंदी अशा भाषांतून बोलण्याची सोय ठेवावी, आणि तिची पाटी लावून न थांबता शाळाशाळांतून निरोप पाठवावेत. दुसरा, वर्षभरात ज्या लहान बैठका होतात त्यांपैकी एखादी पूर्वेकडे आणावी. सभागृह आमच्या शाळेचे; पंखे जुने आहेत, परंतु चालतात. १९३१ साली ज्ञानकोशकार केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन याच हैदराबादेत भरले होते. २३ खंडांचा ज्ञानकोश ज्यांनी लोकांकडून भागभांडवल गोळा करून पुरा केला, त्यांना सामाईक श्रमाने विद्या उभारणाऱ्या या मंडळींचा उद्योग परका वाटला नसता, असे मला वाटते. त्या काळी संस्थानाच्या राजधानीत मराठी माणसांनी संमेलन उभे केले. मग एका रविवारी पन्नास संगणकवाल्यांना चहा देणे आपल्यास जड जाऊ नये.

शाळेपाशीही माझे मागणे आहे, आणि तेथे मी स्वतःला वगळीत नाही. आपण फार दिवस निमंत्रणाची वाट पाहिली. पाच मिनिटांच्या भाषणाला निमंत्रण लागत नाही. शुल्काची सवलत आहे, मेट्रो कुकटपल्लीच्या पुढेपर्यंत जाते. सोबत शिक्षक असेल.

त्या विद्यार्थिनीने आपला विषय लिहून काढला आहे. शीर्षक तिनेच दिले: ‘माझ्या हजेरीपटातला ळ’. दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सभागृहात घड्याळ लावून सराव करतो. अर्धे मराठीत, अर्धे इंग्रजीत बोलावे असे तिने ठरविले आहे; इंग्रजीचे शिक्षक उच्चार पाहतात, मी मराठीचे पाहतो, आणि दोघांचे एकमत क्वचितच होते. पहिल्या शनिवारी तिला अकरा मिनिटे लागली. त्यांतील चार मान्यवरांना उद्देशून नमस्कार करण्यात गेली होती. ती सवय तिला आम्हीच लावली आहे. गेल्या शनिवारी साडेसहा झाली. ‘क्षमा’ची गोष्ट काढावी की ठेवावी यावर अजून वाद चालू आहे.